१९१८ च्या साथीनंतर न्यूझीलंडने आपले आरोग्य खाते कसे बदलले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडनंतर ‘आरोग्य व्यवस्था आमूलाग्र बदलली पाहिजे’ असे म्हटले नाही असा पुढारी शोधून सापडायचा नाही. पण बदलायचे म्हणजे नक्की काय बदलायचे? नवीन इमारती, नवीन नाव, नवीन अधिकारी, की आणखी काही? शंभर वर्षांपूर्वी एका छोट्या देशाने भयंकर साथीनंतर दोन वर्षांच्या आत आपले राष्ट्रीय आरोग्य खाते नव्याने उभे केले. त्यात त्यांचे काय जमले आणि काय फसले, याबद्दल लोक जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत.

एवढे देश सोडून न्यूझीलंडच का?

कारण तिथली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट दिसते. १९१८ मध्ये देशाची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास होती. साथ आली, माणसे मेली, चौकशी आयोग बसला, आयोगाने दोष दाखवले, कायदा झाला आणि खाते बदलले. हे सगळे १९१८ च्या ऑक्टोबरपासून १९२० अखेरपर्यंत घडले. मोठ्या देशांत याच गोष्टी शंभर फायलींत विखुरलेल्या असतात.

दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. त्या देशाचे आरोग्य खाते मुळात जन्माला आले ते ज्या प्लेगच्या धास्तीने, त्याच प्लेगने मुंबई आणि पुणे उद्ध्वस्त केले होते. त्याबद्दल पुढे येईलच.

१९१८ मध्ये तिथे किती माणसे गेली?

सुमारे नऊ हजार, आणि तीही मुख्यतः ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर एवढ्या थोड्या काळात. पहिल्या महायुद्धाच्या चार वर्षांत न्यूझीलंडचे सुमारे अठरा हजार सैनिक मेले. त्याच्या निम्मी माणसे घरच्या अंथरुणात काही आठवड्यांत गेली. जगभर ज्याला स्पॅनिश फ्लू म्हटले गेले तोच हा इन्फ्लुएन्झा. म्हातारी आणि तान्ही मुले यांच्यापेक्षा वीस ते पंचेचाळीस वयाची धडधाकट माणसे, त्यातही पुरुष, यात जास्त गेले. न्यूमोनिया होऊन अंग काळेनिळे पडायचे आणि एखाददुसऱ्या दिवसात सगळे संपायचे. ऑकलंडहून वायकुमेटेच्या दफनभूमीकडे आगगाड्यांतून प्रेते न्यावी लागली.

या आकड्याच्या आत एक दुसरा आकडा आहे आणि तो जास्त भयाण आहे. देशातले मूळ रहिवासी, म्हणजे माओरी, जेमतेम पन्नास हजार होते. त्यांच्यातले अडीच हजारांच्या आसपास लोक गेले, म्हणजे विसातला एक. गोऱ्यांच्या तुलनेत हे प्रमाण आठपट होते.

त्या वेळी देशाला आरोग्य खातेच नव्हते का?

होते की! इथेच आपला संबंध येतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे. पुढचे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे: घरझडत्या, माणसांना ओढून नेणे, रँडचा जुलूम, चापेकरांच्या गोळ्या, आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई. प्लेगची ही जागतिक साथ १८९४ मध्ये हाँगकाँगला पोचली होती. तिथून बंदराबंदराने ती पसरली, मुंबईला आली, १८९९ च्या अखेरीस न्यू कॅलेडोनियाच्या नूमेआ बंदरात शिरली आणि १९०० च्या जानेवारीत सिडनीत. सिडनी म्हणजे न्यूझीलंडचा शेजार. तिथे प्लेग आल्यावर न्यूझीलंडचे सरकार खडबडून जागे झाले आणि त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्य कायदा करून त्यांनी खाते उभे केले. जेम्स मेसन हे पहिले मुख्य आरोग्य अधिकारी. पुढच्या वर्षी माउई पोमारे हे माओरी डॉक्टर माओरींसाठीचे आरोग्य अधिकारी झाले आणि १९०५ मध्ये ‘ते रांगी हिरोआ’ नावाचे दुसरे तरुण माओरी डॉक्टर त्यांना येऊन मिळाले.

म्हणजे हे खाते भीतीतून जन्मले होते. भीती ओसरली तसा त्याचा खुराकही कमी झाला.

मग ते खाते १९१८ मध्ये कमी का पडले?

न्यूझीलंडची ही हकीकत वाचताना मी सर्वांत जास्त थांबतो ते या प्रश्नापाशी. कारण इथली सगळी कारणे आपल्या ओळखीची आहेत.

१९०९ मध्ये सरकारने खर्च कमी करायचा म्हणून आरोग्य खात्याला कात्री लावली. ते रुग्णालयांच्या खात्याशी जोडून टाकले, माणसे कमी केली, मेसन बाहेर पडले. दोन्ही कामांची सूत्रे थॉमस व्हॅलिन्टाइन यांच्या हाती आली. रोग झाल्यावर बरा करणे आणि रोग होऊ न देणे ही दोन कामे एका टेबलावर आली की पहिले दुसऱ्याला खाऊन टाकते. खाटा, औषधे, दाखल रुग्ण हे रोज डोळ्यांसमोर असतात. न झालेली साथ कुणालाच दिसत नाही.

माओरींच्या आरोग्याचे काम तर या खात्याकडून त्या खात्याकडे टोलवले गेले. पोमारे आणि हिरोआ दोघेही राजकारणात गेले.

शिवाय कायद्यातली गुंतागुंत होतीच. सांडपाणी, गल्ल्यांची सफाई आणि घरांची तपासणी नगरपालिका व काउंट्यांकडे, म्हणजे ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्थांकडे. संसर्गजन्य रोग्यांची सोय आणि रुग्णालये स्थानिक मंडळांकडे. वरून देखरेख खात्याची, पण हुकूम मोडला तर काय करायचे याचा पत्ता नाही. एकच काम तिघांचे असले की ते कुणाचेच नसते. साथ आली तेव्हा खर्च कुणी करायचा यावरूनही स्थानिक संस्था आणि मंडळे एकमेकांकडे बोट दाखवत होती.

आणि सर्वांत साधी गोष्ट अशी की इन्फ्लुएन्झा हा ‘कळवलाच पाहिजे’ अशा रोगांच्या यादीतच नव्हता. डॉक्टरने रोगी पाहिला तरी त्याने कुणाला कळवण्याची सक्ती नव्हती. साथ किती पसरली, कुठे पसरली, हे खात्याला प्रेतांच्या संख्येवरून समजत होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये तो रोग यादीत घातला, पण तोवर उशीर झाला होता.

युद्धामुळे बरेच डॉक्टर आणि परिचारिका परदेशात होत्या, हेही खरे. पण केवळ त्यावर खापर फोडणे बरोबर नाही. युद्ध नसते तरी वरच्या त्रुटी होत्याच.

‘नायगारा’ जहाजाने साथ आणली, हे खरे का?

ही कथा न्यूझीलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १२ ऑक्टोबर १९१८ ला नायगारा हे प्रवासी जहाज ऑकलंडला लागले. जहाजावर इन्फ्लुएन्झाचे बरेच रोगी होते आणि प्रवाशांत खुद्द पंतप्रधान विल्यम मॅसी आणि त्यांचे सरकारातले सहकारी सर जोसेफ वॉर्ड हे होते. जहाजाला अलग ठेवले नाही, कारण ‘साहेब’ आत अडकले असते, अशी कुजबुज सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही.

चौकशी आयोगाला मॅसी किंवा वॉर्ड यांनी दबाव आणल्याचा पुरावा मिळाला नाही. आरोग्यमंत्री जॉर्ज रसेल यांनी हा साधा इन्फ्लुएन्झा आहे या वैद्यकीय मतावर विसंबून जहाज मोकळे केले होते. साथीच्या फैलावात त्या जहाजाचा वाटा असावा असे आयोगाचे मत झाले. आजचे इतिहासकार मात्र तेवढे ठाम नाहीत. युरोपातून परतणाऱ्या सैनिकांची जहाजेही त्याच सुमारास येत होती.

मला वाटते, जहाज कोणते हा प्रश्न लोकांना आवडतो, कारण त्यात एक गुन्हेगार सापडतो. खरा प्रश्न पुढचा आहे: इन्फ्लुएन्झासाठी जहाज थांबवण्याची नेहमीची तरतूदच नव्हती, तसे करायचे तर मंत्र्याने खास पाऊल उचलायला हवे होते. बंदरावरच्या डॉक्टरच्या हातात स्वतःहून वापरता येईल असा अधिकार का नव्हता?

सामोआत काय झाले? त्याचा या विषयाशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि तो न्यूझीलंडने बराच काळ नजरेआड केला.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांपैकी पश्चिम सामोआ हा जर्मनीचा मुलूख युद्ध सुरू होताच न्यूझीलंडने ताब्यात घेतला होता. ३० ऑक्टोबर १९१८ ला टालून हे जहाज ऑकलंडहून निघाले. ऑकलंडमध्ये तेव्हा साथ होती. पण इन्फ्लुएन्झा यादीत नसल्यामुळे जहाजाला आरोग्याचा स्वच्छ दाखला मिळाला. ७ नोव्हेंबरला ते अपिया बंदरात पोचले, आजारी माणसे किनाऱ्यावर उतरली, आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार सामोअन मेले. लोकसंख्येच्या जवळपास बावीस टक्के. गावेच्या गावे रिकामी झाली, घराण्यांतले जाणते, बोलणारे, निर्णय घेणारे लोक एकदम गेले.

काही मैलांवरच्या अमेरिकन सामोआत एकही मृत्यू झाला नाही. तिथले गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बंदर बंद केले, किनाऱ्यावर पहारे बसवले, स्थानिक लोकांना त्या कामात सामील करून घेतले. त्यांच्याकडे काही वेगळे औषध नव्हते. त्यांनी जहाजे अडवली, एवढेच. पश्चिम सामोआचे न्यूझीलंडी प्रशासक कर्नल रॉबर्ट लोगन यांनी तर शेजारच्या अमेरिकन बेटांकडून मदत घेतली नाही. एकच रोग, एकाच रक्ताची माणसे, दोन प्रशासने, आणि इकडे साडेआठ हजार, तिकडे शून्य. आरोग्य प्रशासनाने काही फरक पडत नाही असे कुणी म्हणाले तर त्याला हे दोन आकडे दाखवावेत.

पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ च्या जूनमध्ये अपियाला जाऊन सामोआची औपचारिक माफी मागितली. चौऱ्याऐंशी वर्षांनी.

साथीत लोकांना वाचवले कुणी?

शेजाऱ्यांनी. शहरांचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागाला स्वयंसेवकांची समिती नेमली. दारोदार जाऊन घरात कुणी उठू शकत नाही असे आहे का ते पाहायचे, सूप आणि दूध पोचवायचे, चादरी बदलायच्या, हे काम मुख्यतः बायकांनी केले. शाळांच्या खोल्या तात्पुरती रुग्णालये झाल्या. वायमाटे गावच्या डॉ. मार्गारेट क्रुकशँक अखेरपर्यंत रोगी पाहत राहिल्या आणि नोव्हेंबरअखेर स्वतःच या रोगाने गेल्या. न्यूझीलंडमध्ये नोंदणी करून व्यवसाय करणाऱ्या त्या पहिल्या महिला डॉक्टर. गावाने त्यांचा पुतळा उभारला.

वायकाटो भागात ‘ते पुएआ हेरांगी’ नावाच्या माओरी पुढारी बाईंनी साथीत आईबाप गेलेली शंभराच्या आसपास मुले पदरात घेतली. त्यांना घेऊन त्यांनी पुढे न्गारुआवाहिया इथे तुरांगावाएवाए ही वस्ती उभी केली. सरकारी खाते त्या मुलांपर्यंत पोचले नव्हते.

सरकारी उपायांतला सर्वांत प्रसिद्ध उपाय म्हणजे झिंक सल्फेटची वाफ. सार्वजनिक कक्षांत, ट्रामच्या डब्यांत लोकांना दाटीवाटीने उभे करून ती हुंगायला लावत. त्याचा फायदा काही झाला नाही, उलट रोगी आणि निरोगी एका खोलीत कोंडल्याने साथ वाढलीच असावी. युद्ध संपल्याच्या जल्लोषानेही तेच झाले. ८ नोव्हेंबरला शस्त्रसंधीची खोटी बातमी आली आणि लोक रस्त्यावर उतरले. खरी बातमी १२ तारखेला आली. ऑकलंडने साथीमुळे अधिकृत समारंभ पुढे ढकलला, पण सगळीकडे असा विवेक दाखवला गेला नाही.

चौकशी आयोगाने काय शोधले?

१९१९ च्या सुरुवातीला आयोग नेमला गेला. निवृत्त न्यायाधीश सर जॉन डेनिस्टन अध्यक्ष होते. आयोगाने मोठ्या शहरांत फिरून साक्षी घेतल्या आणि त्याच वर्षी अहवाल दिला.

अहवालाचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली, सार्वजनिक आरोग्याचे कायदे विस्कळित आहेत, जबाबदाऱ्या एकमेकांत अडकल्या आहेत, तेव्हा सगळे एकत्र करून नव्याने लिहा. दुसरी, शहरांतल्या कोंदट, ओल्या, गजबजलेल्या चाळवजा घरांची अवस्था लाजिरवाणी आहे. दुसरी गोष्ट साथीच्या निमित्ताने प्रथमच सरकारी कागदावर एवढ्या ठसठशीतपणे आली. त्याच वर्षी घरबांधणीचा कायदाही झाला.

आयोग आपली वेळ घेत बसला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. माणसांच्या डोळ्यांसमोर अजून प्रेतगाड्या होत्या तेव्हाच अहवाल आला. पाच वर्षांनी आलेला अहवाल अभ्यासकांच्या उपयोगाचा असतो. कायदा बदलायला तो पुरत नाही.

१९२० च्या कायद्याने नेमके काय बदलले?

सर्वांत आधी, कोण कशाला जबाबदार ते लिहून काढले. आपल्या हद्दीत लोकांचे आरोग्य राखणे हे प्रत्येक स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरले. तिला पात्रता असलेले आरोग्य निरीक्षक नेमावे लागले. तिने काम केले नाही तर वर एक आरोग्य मंडळ होते. त्या मंडळाला सल्ला देण्याचा अधिकार होताच, पण कामचुकार स्थानिक संस्थेला गटार, पाणी अशी कामे करायला भाग पाडण्याचाही होता. एका वाक्यात सांगायचे तर, काम खाली, हिशेब वर.

दुसरे, साथ आली की आरोग्य अधिकाऱ्याला काय करता येईल तेही लिहिले. जागा बंद करणे, माणसांना व वस्तूंना अलग ठेवणे, इमारती ताब्यात घेणे, तपासणी. हे अधिकार आपोआप चालू होत नव्हते. मंत्र्याची परवानगी लागे. पण परवानगी मिळाली की अधिकारी कायद्याच्या भक्कम पायावर उभा असे. बंदरावरच्या डॉक्टरला पुन्हा ‘हा रोग यादीत नाही’ म्हणून हात बांधून बसावे लागू नये, हा त्यामागचा हेतू दिसतो.

तिसरे, खात्याची घडी. नाव ‘सार्वजनिक आरोग्य खाते’ होते ते नुसते ‘आरोग्य खाते’ झाले, प्रमुखाला महासंचालक हे पद मिळाले, आणि खात्याचे सात विभाग पडले: सार्वजनिक स्वच्छता, रुग्णालये, परिचर्या, शालेय आरोग्य, दंतआरोग्य, बालकल्याण आणि माओरी आरोग्य. वाचायला हे रुक्ष वाटते. पण यातला प्रत्येक विभाग म्हणजे एक जबाबदार माणूस आणि त्याच्या हाताखाली पगारी माणसे. परिचर्या विभाग हेस्टर मॅक्लीन या परिचारिकेकडे होता. दंतविभागाच्या थॉमस हंटर यांनी १९२१ पासून मुलींना प्रशिक्षण देऊन शाळाशाळांत मुलांचे दात तपासणाऱ्या परिचारिका तयार केल्या, आणि ती पद्धत पुढे कितीतरी देशांनी उचलली. बालकल्याण ट्रूबी किंग यांच्याकडे गेले. १९२४ पासून खात्याने बाळंतपणातले मृत्यू कमी करण्याची मोहीम घेतली. बाळंतरोगाचा संसर्ग हा तेव्हा मोठा मारेकरी होता.

म्हणजे साथीच्या धक्क्याने बदललेले खाते पुढच्या साथीची वाट पाहत बसले नाही. दात, बाळंतपण, शाळकरी मुले, अशी रोजची कामे त्याने हातात घेतली. रोज वापरात असलेली यंत्रणाच साथीच्या दिवशी चालते.

हा कायदा कुणी लिहिला?

मुख्यतः डॉ. रॉबर्ट मॅकगिल यांनी. ते खात्यातलेच वैद्यकीय अधिकारी होते. खात्यात राहून कुठे काय अडते ते त्यांनी स्वतः भोगले होते, आणि मसुद्यात ते जाणवते. बाहेरून आलेल्या सल्लागाराने लिहिलेल्या आराखड्यात असे बारकावे क्वचित सापडतात.

कुणाला शिक्षा झाली का?

नाही. रसेल यांचे मंत्रिपद १९१९ च्या ऑगस्टमध्ये आघाडी सरकार मोडल्यावर गेले आणि वर्षअखेरच्या निवडणुकीत ते स्वतःच्या मतदारसंघातही हरले. मॅसी पंतप्रधान राहिले. व्हॅलिन्टाइन यांना तर काढले नाहीच, उलट तेच नव्या खात्याचे पहिले महासंचालक झाले आणि १९३० पर्यंत राहिले.

हे ऐकून अनेकांना राग येतो. मला मात्र हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. १९०९ ची कपात व्हॅलिन्टाइन यांनी एकट्याने केली नव्हती, ती मंत्रिमंडळाने केली होती. जुन्या रचनेत काय अडले ते त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. सामोआच्या बाबतीत मात्र माझे मत असे नाही. तिथे बसलेल्या प्रशासनाला जाब विचारला गेला नाही, आणि ती जखम सामोअन लोकांच्या स्वातंत्र्याच्या चळवळीत वर्षानुवर्षे उमटत राहिली.

माओरींसाठी सुधारणा झाली का?

अर्धी. आणि तीही टिकली नाही.

आठपट मृत्यूंचे कारण माओरींच्या रक्तात नव्हते. जमिनी गेल्यामुळे आलेले दारिद्र्य, ओल्या जमिनीवरची गर्दीची घरे, जवळ डॉक्टर नाही, रस्ता नाही, ही कारणे होती. सरकारची नजरही त्यांच्याकडे वेगळी होती. १९१३ मध्ये देवीची साथ आली तेव्हा माओरींच्या प्रवासावर बंधने घातली गेली. लस टोचल्याचा दाखला नसेल तर त्यांना आगगाडीत चढता येत नसे. त्या साथीत गेलेले सगळे ५५ जण माओरीच होते. म्हणजे खात्याने माओरींकडे पाहिले ते रोगी म्हणून कमी आणि रोग पसरवणारे म्हणून जास्त.

त्या पार्श्वभूमीवर १९२० मध्ये माओरी आरोग्याचा स्वतंत्र विभाग निघाला आणि ते रांगी हिरोआ त्याचे प्रमुख झाले, ही मोठी गोष्ट होती. त्यांनी गावोगावच्या माओरी मंडळांना पुन्हा जागे केले. पाणी, संडास, घरे यांबद्दल गावाने स्वतः नियम करावेत आणि पाळावेत, हा त्यांचा मार्ग. हुकूम वरून येण्यापेक्षा गावच्या चावडीवरच्या चर्चेतून आला तर लोक ऐकतात, हे त्यांना चांगले ठाऊक होते, कारण ते त्याच लोकांतले होते. पोमारे तर १९२३ मध्ये खुद्द आरोग्यमंत्री झाले.

पण विभागाला माणसे थोडी आणि पैसा त्याहून थोडा. हिरोआ १९२७ मध्ये संशोधनासाठी हवाईला गेले. मंदीच्या सुमारास तो विभागच गुंडाळला गेला. पैसा कमी पडला की सर्वांत आधी कुणाची खुर्ची काढायची, हे त्या सरकारला विचारात पडावे लागले नाही. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, न्यूझीलंडने माओरींसाठी स्वतंत्र आरोग्य प्राधिकरण काढले, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने तेही बंद केले. मला हे वाचताना फार वाईट वाटते.

दुसऱ्या देशांनी काही केले नाही का?

केले. दक्षिण आफ्रिकेने १९१९ मध्ये सार्वजनिक आरोग्य कायदा करून खाते काढले, कॅनडाने त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य विभाग स्थापन केला, ऑस्ट्रेलियाने १९२१ मध्ये. ब्रिटनचे आरोग्य मंत्रालयही १९१९ चेच, पण त्याची मागणी साथीच्या आधीपासूनची होती.

न्यूझीलंडची ही सुधारणा पुढे उपयोगी पडली का?

१९२० च्या कायद्याची जागा १९५६ च्या आरोग्य कायद्याने घेतली, पण साथीच्या वेळच्या खास अधिकारांची कलमे बरीचशी त्याच वळणाची राहिली. मार्च २०२० मध्ये कोविड आल्यावर देश बंद करण्याचे आदेश निघाले ते याच १९५६ च्या कायद्याच्या सत्तराव्या कलमाखाली. म्हणजे १९१८ च्या मृत्यूंतून उगवलेली तरतूद शंभर वर्षांनी वापरली गेली.

ती अपुरीही पडली. एका वकिलाने सरकारला न्यायालयात खेचले आणि ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला: टाळेबंदी गरजेची होती, पण पहिले नऊ दिवस लोकांना घरी बसायला सांगितले गेले त्याला कायद्याचा आधार नव्हता. मधल्या काळात, मे २०२० मध्ये, संसदेने कोविडसाठी वेगळा कायदाही केला होता. मला या निकालाचे महत्त्व वाटते. साथीत जीव वाचवणाऱ्या सरकारलाही ‘कोणत्या कलमाखाली?’ असे विचारता येते, आणि ते विचारता येते याचे कारण कलम लिहिलेले असते.

भारतात १९१८ नंतर असे काही झाले का?

१९१८ ची साथ भारतात जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत मुंबई इलाख्याची दैना झाली. अवर्षण आणि महागाई त्यातच आली. देशात एक कोटी वीस लाखांच्या वर माणसे गेली. काही अंदाज याहून बरेच मोठे आहेत. जगात कुठल्याही देशात एवढी माणसे या साथीत गेली नाहीत.

यानंतर नवे राष्ट्रीय खाते उभे राहिले नाही. १९१९ च्या सुधारणांत आरोग्य हा विषय प्रांतांकडे, निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवला गेला. तिजोरीच्या किल्ल्या मात्र इंग्रजांकडेच राहिल्या. सर्व देशाचा एकत्र विचार झाला तो १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल देणाऱ्या भोर समितीत. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. प्रतिबंध आणि उपचार एका प्राथमिक केंद्रात एकत्र आणायचे, ही त्या समितीची कल्पना आपल्या आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मुळाशी आहे.

कायदा मात्र तोच राहिला. १८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी घाईघाईने केलेला साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला जे आवश्यक वाटेल ते करता येईल, मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. लोकांना काय मिळाले पाहिजे, कोणाचे कर्तव्य काय, विलग ठेवलेल्या माणसाचे हक्क कोणते, याबद्दल एक शब्द नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडचे नियम काढले ते याच कायद्याखाली. त्या वर्षी संसदेने त्यात दुरुस्ती केली, मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी. ती गरजेची होतीच, पण बाकीचा कायदा १८९७ च्याच मनाचा राहिला.

काही राज्यांनी आपली वाट काढली आहे. तमिळनाडूत १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा आहे आणि स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य संचालनालय आहे, जिथे प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांची वेगळी सेवा आहे. गोव्यात १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे. केरळने २०२३ मध्ये नवा केला. केंद्राने २०१७ मध्ये १८९७ च्या कायद्याऐवजी आणण्यासाठी सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. कोविड आला तेव्हा तो मसुदाच होता.